घर क्रमांक दोनशे सतराची पाटी

मी एक पत्र्याची पाटी आहे. जुनी म्हणावं तर मला दारावर लागून तीन वर्षंही झाली नाहीत, आणि नवी म्हणावं तर माझा एक कोपरा दुमडलाय, निळा रंग उन्हानं विटलाय आणि अंगावर पडलेले हळदीकुंकवाचे डाग काही केल्या निघत नाहीत. माझ्यावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आहेत, खाली २१७ हा आकडा आहे आणि मधोमध काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती चौकट, जिला तुम्ही क्यूआर कोड म्हणता. मोबाइल समोर धरला की मी बोलते. मित्रांनो, आयुष्यभर मी एकच वाक्य बोलत आले आणि त्या एका वाक्याच्या भरवशावर राहून एका भल्या माणसाची वाचा गेली. तीच हकिकत सांगायची आहे. ती गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म बीदरला एका छपाईच्या शेडमध्ये झाला. त्याच दिवशी माझ्या तेराशे बहिणी छापून निघाल्या. यंत्र चालवणाऱ्या माणसानं आमच्यातल्या एकीकडेही मान वर करून पाहिलं नाही, तो आपला गठ्ठे बांधत होता. गठ्ठ्यातून पोत्यात, पोत्यातून जीपमध्ये, असं करत आम्ही कमलनगरला आलो. तिथून आठ किलोमीटर आत निंबगाळ नावाचं गाव आहे. मारुतीच्या देवळासमोर पोती उतरली आणि गावानं आम्हाला पाहिलं.

आम्हाला घेऊन आलेला सुधींद्र हा या कामावर नेमलेला तरुण साहेब होता. एका शाळामास्तरांच्या घरातला, बोलायला आर्जवी, कामाला चोख. त्यानं देवळाच्या पायरीवर उभं राहून गावाला समजावलं. दुखणंबाणं आलं की तुम्ही मदतीला फोन करता. पलीकडे कुठल्यातरी मोठ्या शहरात बसलेला माणूस विचारतो, जवळची मोठी खूण सांगा. तुम्ही सांगता म्हसोबाचा लिंब. त्याला ना म्हसोबा ठाऊक, ना लिंब. तोवर इकडे माणूस तळमळत असतो. आता ते सगळं मिटलं. दारावरच्या पाटीसमोर मोबाइल धरायचा, लाल बटण दाबायचं, गाडी येणार. एक शब्द बोलायची गरज नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवू नयेत? त्या फोनपायी दोन-तीन घरांनी माणसं गमावली होती. सुधींद्रनं पिवळ्या कागदाची पत्रकं वाटली. त्यावर ठळक अक्षरात मराठीत छापलं होतं, ‘जिथं पाटी, तिथं मदत.’

मी अंकुशरावांच्या वाट्याला आले. सुधींद्रनं मला चौकटीशेजारी चार स्क्रूंनी ठोकलं, उंबऱ्यात उभं राहून हातातल्या टॅबवर निळा ठिपका स्थिर होईतो वाट पाहिली आणि बोटानं टिचकी मारली. त्या टिचकीसरशी माझ्यामागे एक जागा कायमची नोंदली गेली. अंकुशरावांचा उंबरा. चार हात इकडे, चार हात तिकडे. माझं जग तेवढंच. घरधन्याचा फोन नंबर म्हणून अंकुशरावांचा बटणांचा फोनही त्यानं नोंदून घेतला.

अंकुशरावांच्या पत्नी शकुबाई पदर खोचून हे सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, “आन् बाबा, आमी घरी नसलाव तर?”

सुधींद्रची मान टॅबमध्ये. पुढची दीडशे घरं व्हायची होती. “पाटी आहे ना अक्का? जिथं पाटी, तिथं मदत. निवांत राहा.”

तो खोटं बोलला नाही. पूर्ण बोलला नाही, एवढंच. शकुबाईंचा प्रश्न शहाणपणाचा होता आणि उत्तर घाईचं होतं. तुमच्या आयुष्यातही असे प्रसंग येतील. शहाणा प्रश्न विचारणाऱ्याला घाईत वाटेला लावू नका, एवढं तरी ध्यानात ठेवा.

आता अंकुशरावांविषयी सांगते. साठी उलटलेले, अंगानं सडसडीत, डोक्याला पिवळा पटका. बारा एकरांचे धनी. पण गावात त्यांचा मान होता तो वेगळ्याच गोष्टीमुळे. निंबगाळच्या शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. सोनपट्टी, मुरमाडी, घोडखडा, पाणकळी, रांडवा मळा. कुठला बांध कुणाच्या आजोबानं घातला, कुठल्या ओढ्यात पावसाळ्यात गाडी रुतते, कुठली पांद, म्हणजे शेतातली गाडीवाट, हायवेला लवकर लागते, सगळं तोंडपाठ. तलाठी नवा आला की आधी त्यांच्या ओट्यावर बसायचा. मोजणीवाले यायचे, विहिरीवरची मोटर दुरुस्त करणारा यायचा, पोरगी देण्याआधी शेत बघायला आलेले व्याही यायचे. अंकुशराव उठून उभे राहायचे आणि हातवारे करत सांगायचे.

“हितून पांदीनं सरळ जावा. घोडखडा लागंल, त्येच्या डाव्या अंगाला मुरमाडी. बांधावर तिरकी बाभळ हाय. तिच्या तोंडाकडं चालत ऱ्हावा, मंग सोनपट्टी. चुकलाव तर वरडा, कुणीबी सांगंल.”

मी दारावर आले आणि हे हळूहळू थांबलं. पाहुणा यायचा, मोबाइल माझ्यासमोर धरायचा, आजूबाजूची घरं पडद्यावर बघायचा आणि निघून जायचा. सिलिंडरवाला, औषधाची पुडी आणणारा, सगळे आधी माझ्यासमोर. ओट्यावर बसलेले अंकुशराव उठायला लागायचे आणि परत बसायचे. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार अभिमान वाटत होता. मी सांगू शकत होते ते फक्त घरांचे दरवाजे, पण लोक माझ्याकडे आदरानं बघत होते आणि आदर कुणाला नको असतो?

श्रावणात तर माझ्या नावाचा डंकाच वाजला. अंकुशरावांचा मुलगा शिवराज दुपारी उदगीरच्या आडतीवर गेलेला, अंकुशराव शेतात. घरात शकुबाई आणि नऊ महिने भरलेली सून रेणुका. कळा अचानक सुरू झाल्या. शकुबाईंना मोबाइल चालवता येत नाही. रेणुकानंच एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. विसाव्या मिनिटाला पांढरी गाडी दारात. कुणाला काही विचारावं लागलं नाही, कुणाला काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळी मंजुश्री जन्मली. घरी परत आल्यावर शकुबाईंनी बाळाच्या आधी मला हळदकुंकू लावलं.

“पाटी न्हाई ही. लक्षुमी हाय,” त्या शेजारणींना सांगत होत्या.

ते खरं होतं, मित्रांनो. त्या दिवशी मी दोन जीव वाचवायला मदत केली. पुढे जे घडलं ते ऐकून मला नुसती वाईट ठरवू नका. माझा उपयोग होता. पण एखाद्याचा एक गुण दिसला की माणसं त्याच्याकडून दहा गुणांची अपेक्षा करतात आणि ज्याच्याकडून अपेक्षा करतात त्याला एकदाही विचारत नाहीत.

दिवाळीआधी घराला चुना दिला. चुना देणाऱ्यानं स्क्रू काढून मला उतरवलं आणि स्क्रू कुठे ठेवले ते तोच विसरला. मग शिवराजनं माझ्या वरच्या दोन भोकांतून तार ओवून मला खिळ्याला टांगलं. मला काढणं आणि लावणं आता सोपं झालं. चार स्क्रू हरवले तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. तुम्ही लातूर-उदगीरकडचे किंवा आमच्या बीदर-कलबुर्गीकडचे असाल तर मी सांगायला नको. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी गाव शेतावर जातं. म्हणजे सगळं गाव. बाया भल्या पहाटे उठून भज्जी करतात, उंडे करतात, आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेतात. शेतात कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, त्यांची पूजा करायची, बांधाबांधानं आंबील शिंपडायची आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून नेऊन जेवू घालायचं. घरांना कुलपं. गावात औषधाला माणूस सापडत नाही. कुत्रीसुद्धा भाकरीच्या वासानं शेताला गेलेली असतात.

निघायच्या वेळी शकुबाईंनी मला खिळ्यावरून काढलं.

अंकुशराव बैलगाडी जुंपत होते. त्यांनी विचारलं, “ती कामून घेयलीस?”

“आसू द्या. दिसभर रानात ऱ्हायचं, बारकं लेकरू संगट हाय. लेकराला काय चावलं-बिवलं तर? पाटी जवळ आसली म्हंजी गाडी तितं येती.”

“आगं, दारची पाटी हाय ती. दारात ऱ्हाऊ दे. ती काय कुत्रं हाय का मागं मागं यायला?”

“तुमाला काय कळतंय त्यातलं? त्यो साहेब सोताच्या तोंडानं म्हणला, जितं पाटी तितं मदत. कागुदबी दिलाय.”

अंकुशराव हसले आणि बैलांकडे वळले. बायकोशी सणाच्या दिवशी कोण भांडणार? त्यांचा बटणांचा फोन दिवळीत चार्जिंगला लावलेला होता, तो तिथंच राहिला. शकुबाईंनी मला भाकरीच्या टोपलीत फडक्याखाली ठेवलं.

मी पहिल्यांदाच दार सोडून बाहेर पडले. अडीच किलोमीटरवर सोनपट्टी. टोपलीतून बाहेर काढल्यावर मला तुरीची पिवळी फुलं, पोटऱ्यात आलेली ज्वारी आणि चारी बाजूंना मोकळं आभाळ दिसलं. शकुबाईंनी मला कोपीच्या दांडीला बांधलं, पांडवांच्या बरोबरीनं कुंकू लावलं आणि हात जोडले. मला आनंद झाला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. मी इथली नव्हते. इथलं मला काही ठाऊक नव्हतं. हे त्यांना ओरडून सांगावं असं वाटत होतं, पण मोबाइल समोर धरल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि बोलले तरी ते एकच वाक्य, हे घर क्रमांक दोनशे सतरा आहे.

दुपारी पंगत बसली. कमलनगरहून आलेले चार पाहुणे होते आणि त्यांना घेऊन आलेला जीपवाला रत्नपाल होता. अंकुशराव आग्रह करकरून वाढत होते. एका पाहुण्यानं समोरच्या चढाकडे बोट करून विचारलं, त्या माळाला काय म्हणतात? अंकुशरावांनी आंबिलीची वाटी उजव्या हातात धरली होती. त्यांनी तोंड उघडलं. नाव आलं नाही. पुन्हा उघडलं. वाटी हातातून सुटली, आंबील धोतरावर सांडली आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळली.

एक पाहुणा म्हणाला, जेवण जड झालं असेल. शकुबाईंनी मात्र लगेच ओळखलं. त्यांच्या माहेरी हे होऊन गेलं होतं.

“आगं माय, वारं गेलं की अंगावरून! शिवराज, आरं आवर!”

रत्नपाल हात न धुता उठला. “जीपमदी घाला त्यास्नी. चला. अर्ध्या-पाऊण तासात उदगीर गाठताव.”

तेवढ्यात शिवराजनं मोबाइल माझ्यासमोर धरला होता. बटण दाबून झालं होतं. पडद्यावर हिरवी पट्टी आली, ‘मदत निघाली आहे’, आणि नकाशावर एक छोटी गाडी सरकायला लागली.

“थांब रत्नपाल. गाडी निघालीय. तिच्यात आक्सिजन आसतो, डाक्टर आसतो. तुझ्या जीपमदी आदळआपट व्हईल. आप्पाला सोसायचं न्हाई.”

शिवराज वेडा नव्हता. मुलगा बापाच्या भल्याचंच बघत होता. श्रावणात त्याच्या बायकोसाठी हीच गाडी विसाव्या मिनिटाला आली होती. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं.

रत्नपाल थोडा वेळ घुटमळला. “बघ बा. गाडी यायलीच आसंल तर मी ह्या पाव्हण्यास्नी सोडून येताव. त्यांची बस हाय.”

जीप सुरू झाली. अंकुशरावांना कडब्यावर आडवं केलं होतं. त्यांनी डावा हात उचलला आणि जीपकडे दाखवला, मग पांदीकडे, मग पुन्हा जीपकडे. तोंडातून नुसता आ निघत होता. रेणुकाला वाटलं पाणी हवंय. तिनं तांब्या तोंडाला लावला, पाणी गालावरून खाली गेलं. ते हात हलवत राहिले. जी वाट शिवारात त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, ती ते दाखवत होते आणि सगळे मोबाइलमध्ये बघत होते.

गाडी निघाली होती, हे खरं होतं. नकाशावर ती हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागली. शिवराज मोठ्यानं सांगत होता, “नाल्यापाशी आली... आता वळली... आली आली!” शेजारच्या शेतांतले लोक जमले. एकविसाव्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं उमटली, ‘मदत पोहोचली आहे.’

सगळ्यांनी माना वर केल्या. समोर तूर, बाजूला ज्वारी. शिवराज बांधावर चढला. पांदीत धूळसुद्धा उडत नव्हती. त्याला वाटलं झाडाआड असेल. तो बाभळीपर्यंत पळत जाऊन आला. मोबाइल विचारत होता, ‘मदत मिळाली का?’ त्यानं ‘नाही’वर बोट ठेवलं. उत्तर आलं, ‘कृपया घर क्रमांक २१७ जवळ थांबा.’

“आवो, पाटीपाशीच हाव की आमी!” शिवराज मोबाइलवर ओरडला. मोबाइलवर ओरडून काय होणार?

रेणुकानं तो त्याच्या हातातून घेतला. बोटांनी नकाशा मोठा केला. गाडीच्या शेजारी मारुतीचं देऊळ दिसत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला.

“हे तर आपलं घर दावायलंय,” ती म्हणाली. “आत्या, गाडी घराकडं गेलीय.”

शकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही विसरता येत नाही.

शिवराजनं मोटारसायकल काढली आणि गावाकडे उधळला. तो पोचला तेव्हा दारात फक्त टायरच्या खुणा होत्या. गाडीचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी स्वतःहून भेटायला आला, तेव्हा त्यानं सांगितलं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या दाराला कुलूप, समोरच्या दाराला कुलूप. त्यानं हाका मारल्या. त्याच्याकडे घरधन्याचाच नंबर होता, तो लावला तर फोन दाराच्या आतच वाजायला लागला. त्याला वाटलं, माणूस आत पडलाय. त्यानं कुलूप हलवलं, खिडकीतून आत पाहिलं. दिवळीत फोन वाजतोय आणि घर रिकामं. पंधरा मिनिटं तो गल्लीगल्लीतून फिरला. विचारायला माणूस नाही. मग त्याला दुसरा कॉल आला, हायवेवर अपघात झाला होता. तो गेला. त्याचं काय चुकलं?

रत्नपालला फोन करून परत बोलावलं. तो कमलनगरहून उलटा येईतो पाऊण तास गेला. उदगीरच्या दवाखान्यात पोचायला साडेचार वाजले. डॉक्टरांनी आधी वेळ विचारली, मग शिवराजच्या तोंडाकडे पाहिलं.

“पहिल्या तास-दोन तासांत आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती,” ते म्हणाले. “इतका वेळ काय करत होता?”

शिवराजनं मोबाइल खिशात घातला. काय सांगणार? मोबाइल बघत होतो म्हणून?

अंकुशराव वाचले. महिन्यानं घरी आले. उजवा हात आणि उजवा पाय गेला तो गेलाच. वाचा गेली. समजतं सगळं. कुणी चुकीचं बोललं की कपाळाला आठ्या पडतात. पण तोंडातून एकच आवाज येतो, आ.

मला परत खिळ्यावर टांगलं. येळवशीच्या दिवशी लावलेलं कुंकू तसंच होतं. शकुबाईंनी ते पुसायचा प्रयत्न केला, गेलं नाही. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही.

सुधींद्र आला. त्याला बातमी कळली होती. तो ओट्यावर अंकुशरावांच्या पायाशी बसला. मग हळूच म्हणाला, “अक्का, पाटी काढायची नव्हती. तिच्यामागे घराचीच जागा नोंदलेली असते. ती हलवली तरी जागा हलत नाही.”

“हे तवा सांगायचं व्हतंस बाबा,” शकुबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तू म्हणलास जितं पाटी तितं मदत. मी इचारलंबी तुला. पाटी आमच्यापाशीच व्हती.”

सुधींद्रनं मान खाली घातली. त्यानं खिशातून चार नवे स्क्रू काढले आणि मला पुन्हा भिंतीत घट्ट बसवलं. जाताना त्यानं टॅबवर माझी नोंद उघडून शिवराजला दाखवली. मदत मागितली : दोनदा. मदत पोहोचली : दोनदा. दुसऱ्या वेळी लागलेला वेळ : एकवीस मिनिटं. शेरा : यशस्वी. शिवराजनं ते वाचलं आणि टॅब त्याला परत केला. सुधींद्र म्हणाला की तो शेरा बदलता येत नाही, तशी सोयच नाही. तो बिचारा खरंच शरमला होता. शरम मलाही वाटली, पण माझ्या शरमेला विचारतं कोण? गाडी नोंदलेल्या जागेवर वेळेत गेली, मी चोख काम केलं, कागदावर मी गुणी पाटी आहे.

यातून सुधींद्र काहीच शिकला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. त्यानं वरती लिहून पाठवलं की माणसं घरात असतात त्याहून जास्त शेतात असतात, म्हणून शेतांनाही पाट्या द्या. कचेरीनं मान्य केलं. यंदा उन्हाळ्यात ते काम सुरू झालं. प्रत्येक पाटीवर शेतमालकाचं नाव नाही, गावात त्या तुकड्याला जे म्हणतात ते नाव छापायचं, म्हणजे कोणालाही सांगता येईल. गावाला एक तक्ता दिला. शेहेचाळीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एका तुकड्याचं नाव लिहायचं.

तक्ता गावभर फिरला. ज्याला त्याला आपला तुकडा आणि शेजारचा बांध ठाऊक. पलीकडचा माळ, ओढ्याकाठच्या पट्ट्या, जुन्या विहिरीमागचं रान, विचारलं की प्रत्येक जण एकच सांगायचा, ते अंकुशरावांना विचारा.

रेणुकानं वही घेतली. संध्याकाळी मंजुश्रीला मांडीवर घेऊन ती ओट्यावर सासऱ्यांपाशी बसते. नकाशावर बोट ठेवते आणि तिला येतात ती नावं एकेक करून म्हणते.

“मामा, ह्ये घोडखडा ना?”

अंकुशराव मान हलवतात. होय.

“आन् ह्येच्या खालती? पाणकळी?”

नाही. मान जोरानं हलते. नाही.

“मंग मुरमाडी?”

नाही. ते डावा हात उचलतात, हवेत काहीतरी रेखाटतात, तोंड उघडतात. नाव त्यांच्या आत आहे. अगदी ओठांपर्यंत आलेलं दिसतं. गळ्याच्या शिरा फुगतात. “आ,” ते म्हणतात. “आ. आ.” रेणुका आणखी दहा नावं घेऊन बघते. तिला ठाऊक असलेली नावं संपतात. आणि जे नाव तिला ठाऊकच नाही, ते ती त्यांना विचारणार कसं? ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहतात, मग डोळे मिटतात. डोळ्यांतलं पाणी ती पदरानं पुसते आणि वहीत त्या चौकोनापुढे रेघ ओढते.

शेहेचाळीसपैकी एकोणीस नावं मिळाली. बाकीच्या चौकोनांत कचेरी आकडे घालणार आहे. पाट्या पुढच्या महिन्यात येतील. त्या चांगल्या असतील, योग्य जागी लागतील आणि कुणाचा जीवही वाचवतील. मी त्यांच्यावर जळत नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. आम्हाला वापरा, जपून वापरा, आम्हाला काय ठाऊक नाही ते आधी विचारून घ्या. मी गंजले तर तासाभरात दुसरी छापून येईल, माझी काळजी नको. पण तुमच्या घरात किंवा गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला विहिरींची, बांधांची, झाडांची, वाटांची नावं येतात आणि ज्याच्याकडे हल्ली कुणी बघत नाही, तर हे वाचणं इथंच थांबवा. वही घ्या आणि त्याच्यापाशी जाऊन बसा. तो बोलतोय तोवर बसा. आमच्या रेणुकानं वही घेतली, पण उशिरा घेतली.